युनूसभाईंचा गोळ्यांचा तक्ता

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाची आणि युनूसभाईंच्या दुकानाची भिंत एकच होती, आणि ती भिंत म्हणजे प्लायवूडची एक फळी. त्यामुळे लोणारच्या बस स्टँडासमोर बसून मी जेवढ्या बंदुकीच्या गोळ्या ऐकल्या, तेवढ्या सीमेवरच्या जवानानंही ऐकल्या नसतील. दुपारी लाइट गेली, माझं मशीन थंड पडलं, की पलीकडून सुरू. ठाय ठाय ठाय. मग शांतता. मग युनूसभाईंचा आवाज, "थांब बे, लिहू दे." आणि परत ठाय ठाय. पन्नाशीला टेकलेला, दाढीत पांढरं आलेला, जुम्म्याला न चुकता मशिदीत जाणारा माणूस आणि भरदुपारी मोबाइलमध्ये तोंड खुपसून गोळ्या झाडतोय! मला सुरुवातीला इतका राग यायचा की विचारू नका.

त्यांचा मूळ धंदा फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. वडिलांपासूनचा. पुढं मोबाइल आले तसे ते मोबाइलही उघडायला लागले. त्यामुळे दुकानात एका अंगाला पंपाच्या नळ्या, वॉशर, नोझल, आणि दुसऱ्या अंगाला फुटक्या काचांचे फोन. फोनचा डिस्प्ले बदलला की तो नीट बसला का, हे नुसतं फोन लावून कळत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं की मिस्त्री, गेम लावून पाहत जा, बोट चालतं का, आवाज येतो का, फोन तापतो का, सगळं एका झटक्यात समजते. त्यांनी लावला. गिऱ्हाइकाचा फोन गिऱ्हाईक घेऊन गेलं, गेम मात्र युनूसभाईंकडे राहिला.

हा गेम असा, की शंभर जण एका बेटावर उतरतात, सापडतील त्या बंदुका उचलतात आणि एकमेकांना मारत सुटतात. चार-चार जणांची टोळी. शेवटी जी उरते ती जिंकली. सगळं जग जिंकायला खेळायचं, युनूसभाई मोजायला खेळायचे. त्या गेममध्ये सरावाचं एक मैदान होतं. तिथं पुतळे उभे असायचे आणि पुतळ्याला गोळी लागली की किती डॅमेज झालं त्याचा आकडा वर उमटायचा. त्या मैदानावर ते तासन्‌तास एकटे फिरायचे. एकच बंदूक, एकच अंतर, वीस गोळ्या, लिहायचं. मग पुतळ्याच्या अंगात गोळी अडवणारं जॅकेट, परत वीस गोळ्या, परत लिहायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांनी पट्टीनं रेघा मारून तक्ता केला होता आणि तो काउंटरच्या मागं टांगला होता. आडवं गोळ्यांचे प्रकार, जेवढे मिलिमीटर तेवढं नाव: पाचवाली, सातवाली, नऊवाली, मोठ्या दुर्बिणीच्या बंदुकीची. उभं अंतर, जॅकेट, छाती, डोकं, पाय. अक्षर मोत्यासारखं. माझ्याकडं प्रोजेक्टच्या झेरॉक्स काढायला येणारी कॉलेजची पोरं तो तक्ता पाहायला त्यांच्याकडं वळायची आणि माझ्याकडं यायचं विसरून जायची.

एकदा मेहकरहून दोघं भांडत आले. एक म्हणे सातवाली गोळी भारी, एक म्हणे पाचवाली. युनूसभाईंनी दोघांना बाकड्यावर बसवलं, सरावाच्या मैदानावर नेलं आणि लांबच्या पुतळ्यावर गोळ्यांची एकेक पेटी रिकामी करायला लावली. सातवालीचा आकडा मोठा, पण बंदूक उसळते. निम्म्या गोळ्या पुतळ्याच्या डोक्यावरून गेल्या. पाचवालीचा आकडा लहान, पण जवळपास सगळ्या लागल्या. बेरीज केली तर पाचवाली पुढं. सातवाल्याचं तोंड पडलं. मग युनूसभाईंनी त्यांना पुतळ्याच्या अगदी जवळ उभं केलं, तर सातवाली पुढं. आता पाचवाल्याचं तोंड पडलं. "सुटल्या किती ते नोको सांगू," ते म्हणाले, "लागल्या किती ते सांग." पोरं वैतागून म्हणाली, पण मग भारी कोणती? युनूसभाई म्हणाले, तू किती लांब उभा हायेस त्याच्यावर हाय. दोघं नाराज होऊन गेले. त्यांना एकच नाव पाहिजे होतं.

हा मोजायचा रोग नुसता गेमपुरता नव्हता, हो. माझ्याकडं दोन कंपन्यांचे कागद असायचे. कुठल्या कागदानं माझं मशीन किती वेळा अडकतं, हे या माणसानं फळीच्या पलीकडून माझ्या शिव्या ऐकून मोजलं आणि माझ्याच गिऱ्हाइकासमोर सांगितलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा कागद घेतला, तर मशीन अडकायचं थांबलं. घरात भाभींनी विचारलं भाजी कशी झाली, तर हे म्हणायचे, कोणत्या दिवसाच्या भाजीशी मिळवून सांगू? भाभी मला म्हणायच्या, या माणसानं निकाहाच्या वेळेस "कबूल" कसं काय म्हटलं देव जाणे, आधी दुसरी पाहून येतो म्हटलं असतं. पण एवढं खरं की युनूसभाईंनी एखादी गोष्ट सांगितली की लोक दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. पंप असो, फोन असो, शब्द पक्का. हीच त्यांची सगळी कमाई होती.

गेममधल्या त्यांच्या टोळीत गजानन होता. सुलतानपूरचा. तिशीच्या आतला, बायको, एक लहान मुलगी, आणि चार एकर कपाशी. मी त्याला आधी आवाजानंच ओळखायचे. फळीच्या पलीकडून फोनमधून ओरडायचा, "भाई, पळा ना! काय पाहून राह्यले?" आणि युनूसभाई भर लढाईत समोरच्याच्या हेल्मेटवर नवी गोळी कशी बसते ते बघत उभे. हमखास मरायचे. गजानन चिडायचा, मग हसायचा. बाजाराच्या दिवशी तालुक्याला आला की मोटरसायकल माझ्या पायरीशी लावून तासभर यांच्याकडं बसायचा. त्याला तो तक्ता तोंडपाठ होता. भाईनं मोजलं म्हणजे झालं, असं तो कुणालाही सांगायचा. युनूसभाई त्याला "बे" शिवाय हाक मारायचे नाहीत, आणि त्याच्यासाठी चहा सांगताना स्वतः उठून टपरीवर जायचे. माझ्यासाठी कधी उठले नाहीत.

मग बोंडअळीची वर्षं आली. बीटीचं बियाणं आलं तेव्हा लोकांना सांगितलं होतं की औषध बियाण्यातच आहे, आता बोंडअळीसाठी फवारायचं काम नाही. काही वर्षं तसं चाललंही. नंतर गुलाबी अळी आली ती थेट बोंडात. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी, आणि कापूस सडून कवडी झालेला. लोक वेड्यासारखे फवारत होते. आज हे, परवा ते, दोन्ही एकाच ड्रमात कालवून. पंप दुरुस्तीला रांग लागायची, आणि पंप टाकायला आलेला प्रत्येक माणूस तो तक्ता बघून एकच विचारायचा, मिस्त्री, औषधाचाबी असा तक्ता करा ना. युनूसभाई म्हणायचे, औषधाचं मले समजत नाही.

गजाननला ते असं म्हणू शकले नाहीत. त्याच्या चार एकरात अळी शिरली होती आणि तो रोज येऊन बसत होता. गेम नाही, हसणं नाही. युनूसभाई त्याला समजावत होते ते मी ऐकलं. अळी बोंडात शिरली म्हणजे तिनं गेममधलं सगळ्यात जाड, तीन नंबरचं जॅकेट घातलं, आता कितीही भारी गोळी मार, लागणार नाही. तिला जॅकेट घालायच्या आधी, पानावर असताना गाठलं पाहिजे. म्हणजे पान न पान ओलं झालं पाहिजे, वरून, खालून. म्हणजे औषध कोणतं हा सवालच नाही, थेंब किती बारीक आणि किती जागी बसतो हा सवाल आहे. बोलता बोलता त्यांचेच डोळे चमकायला लागले. पंपाचं, नोझलचं तर त्यांना समजत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडं वाया गेलेले कागद मागितले. मी दिले, चांगला गठ्ठाच्या गठ्ठा. दुकानासमोर दोरी बांधून त्यांनी ते कपड्यासारखे चिमट्यांनी टांगले. बादलीत पाण्यात कपड्याची नीळ कालवली. मग हातपंप, बॅटरीचा पंप, पेट्रोलवरचा पॉवर पंप, आणि प्रत्येकाला तीन-तीन नोझल, एकेक करून सारख्या अंतरावरून फवारलं आणि कागदावर बसलेले निळे ठिपके भिंग लावून मोजले. स्टँडावरची निम्मी माणसं गोळा झाली होती. मोठ्या छिद्राच्या, जाड नोझलचे ठिपके मोठे, विरळ, ओघळलेले. पॉवर पंपाला सगळ्यात बारीक नोझल लावलं तेव्हा कागदावर धुकं बसावं तसं झालं, बोट ठेवायला कोरी जागा नाही. कागदाच्या मागच्या बाजूलासुद्धा ठिपके. लोक वाहवा करायला लागले. मीही केली, खोटं कशाला सांगू.

त्या आठवड्यात त्यांनी ते बारीक नोझल किती पंपांना बसवलं याची गणतीच नाही. पहिलं गजाननच्या.

गजाननची कपाशी त्या वर्षी डोक्याला लागत होती. तशा दाट कपाशीत, ऑक्टोबरच्या उन्हात, तोंडाला नुसता रुमाल बांधून तो दोन दिवस फवारत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उलट्या करायला लागला. बायकोला म्हणाला, तू मले दिसून नाही राह्यली. तोंडातून लाळ, अंगाला घाम, श्वास लागेना. गावातल्या कुणाच्या तरी गाडीत घालून आधी तालुक्याला, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. आम्हाला कळलं ते संध्याकाळी, सुलतानपूरहून पंप घेऊन आलेल्या एकाकडून. युनूसभाई एका फोनची काच काढत होते. त्यांनी ती अर्धी निघालेली काच तशीच ठेवली आणि जिल्ह्याच्या बसमध्ये जाऊन बसले.

पंधरा दिवस गजानन तिथं होता. पहिले चार दिवस तो राहतो की जातो असंच चाललं होतं. युनूसभाई तीनदा जाऊन आले. वॉर्डच्या बाहेर बसायचे आणि परत यायचे. डॉक्टर काय म्हणाले ते मला येऊन सांगायचे: ऊन होतं, वारा उलटा होता, दोन औषधं एकत्र होती, मास्क नव्हता, हातमोजे नव्हते. एवढं सगळं सांगून म्हणायचे, आणि थेंब बारीक व्हता. ते वाक्य डॉक्टरांचं नव्हतं, हे मला कळत होतं. जीव वाचला. डोळ्यांपुढचं धुकं मात्र हटलं नाही, आणि हात थरथरत राहिले.

गजानन घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी युनूसभाई माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, ताई, संगं चालता का? मले त्याच्या घरवालीशी बोलायचं हाय, एकट्यानं कसं बोलू? मी दुकान ओढून घेतलं.

वंदना, म्हणजे गजाननची बायको, अंगणात बसून कवडीतून बरा कापूस निवडत होती. आम्हाला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण उठली नाही. युनूसभाई उभ्याउभ्याच बोलले. ते नोझल मी बसवलं, मीच निवडलं, त्याला काही माहीत नव्हतं, तो माझ्या शब्दावर गेला. मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले माहीत हाय," ती कापसातून मान वर न काढता म्हणाली. "त्याईनं दवाखान्यातच सांगतलं. कोणी इचारलं तं युनूसभाईचं नाव घेऊ नोको म्हने. म्या नाही घेतलं." मग पहिल्यांदा वर बघितलं. "आता तुमी मले काऊन सांगून राह्यले? तुमचं मन हलकं व्हाले?"

आतून गजाननची हाक आली, भाई आले का? तो बाजेवर पडला होता. युनूसभाई त्याच्या उशाशी बसले, तरी तो त्यांच्या खांद्याच्या पलीकडं बघत बोलत होता. कपाशीचं विचारलं, गेमचं विचारलं, टोळीतल्या बाकीच्यांचं विचारलं. आणि म्हणाला, "तुमी कायले जिवाले लावून घेता? ठिपके बराबरच व्हते ना, भाई. आपण पाह्यले ना डोळ्यानं." त्याचा विश्वास अजून जसाच्या तसा होता. मला तिथं बसवेना, मी उठून बाहेर आले.

परतीच्या बसमध्ये युनूसभाई सगळा रस्ता खिडकीतून बाहेर बघत होते. दोन्ही बाजूंनी कपाशी, आणि कपाशीत पाठीवर पंप घेतलेली माणसं. लोणार जवळ आल्यावर म्हणाले, "गेममंदी आपली गोळी आपल्याले लागत नाही, ताई. आपल्या टोळीतल्यालेबी लागत नाही. म्हणून तो रकाना म्या कधी आखलाच नाही. मारनाऱ्याच्या अंगावर किती आलं, हे मोजाचं असते हे माह्या डोक्यातच नाही आलं." आणि तोंडावर हात ठेवून बसले. कागद माझे होते, हे मी त्यांना म्हणणार होते, पण धीर झाला नाही.

त्या दिवशी त्यांनी तक्ता उतरवला. कॉलेजच्या पोरांनी विचारलं तर म्हणाले, अधुरा हाय. मोबाइलचं काम बाजूला ठेवलं आणि जाड नोझलांची पिशवी घेऊन गावोगाव फिरायला लागले. बारीक नोझल परत द्या, हे घ्या, पैसे नको. वाटलं होतं तेवढं ते सोपं निघालं नाही. लोक देईनात. आमचा पंप चांगला चालून राह्यला, गजाननंच उलट्या वाऱ्यानं मारलं असंन, असं म्हणायचे. एकानं तर त्या दिवशीचा निळ्या ठिपक्यांचा कागद घडी करून जपून ठेवला होता, तो काढून यांच्यापुढं धरला. तुमीच तं दाखोलं व्हतं, मिस्त्री. आयुष्यभर ज्या माणसाच्या शब्दावर कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही, त्याला आता स्वतःचाच शब्द परत घेता येईना. दिवसभर फिरून पिशवी तेवढीच जड घेऊन यायचे, काउंटरवर ठेवायचे आणि पाणी प्यायचे. मी विचारायचे किती मिळाले. दोन. कधी एक. आणि कपाशीत फवारणी चालूच होती.

त्या हंगामानंतर युनूसभाईंनी दुकान बंद केलं आणि ते भाभींच्या माहेरी जालन्याकडं निघून गेले. जाताना माझी गाठ पडली नाही, मी नेमकी लग्नाला गेले होते. म्हणून त्यांची आठवण आली की मला ते दिसतात ते सुलतानपूरला, गजाननच्या शेतात.

नोझल परत मिळेनात, तेव्हा त्यांनी दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी या. मलाही बोलावलं, आणि या वेळी कागद मागितले नाहीत. चांगली पन्नास-साठ माणसं धुऱ्यावर जमली. युनूसभाईंनी ईदचा पांढरा स्वच्छ कुर्ता-पायजमा घातला होता, डोक्याला पांढरा रुमाल, तोंडाला पांढरा रुमाल. पॉवर पंपात निळीचं पाणी भरलं, तेच बारीक नोझल लावलं, पंप पाठीवर घेतला आणि गजाननच्या त्या डोक्याला लागणाऱ्या कपाशीत शिरले. कपाशीच्या एका ओळीनं गेले, दुसऱ्या ओळीनं आले. आम्हाला नुसता पंपाचा घरघराट ऐकू येत होता आणि कपाशीवरून निळसर वाफ उठल्यासारखी दिसत होती.

बाहेर आले तेव्हा धुऱ्यावरची माणसं पुढं सरकली. कपाळ, पापण्या, दाढी, गळा, छाती, मांड्या, सगळं निळं. तोंडावरचा रुमाल त्यांनी सोडला, तर आतून ओठही निळे. त्यांनी तोंड उघडून जीभ दाखवली. मग पाठीवरचा पंप काढला आणि फक्त पंपाच्या आकाराएवढा पाठीचा चौकोन पांढरा राहिला होता तो सगळ्यांकडं वळून दाखवला. भाषण वगैरे काही नाही. म्हणाले, हे औषध असतं तं.

गजाननला वंदनानं हाताला धरून आणलं होतं. त्याला यातलं काहीच दिसत नव्हतं, नुसता समोर कुणीतरी उभा आहे एवढं कळत होतं. त्यानं विचारलं, "किती बसले, भाई?"

युनूसभाई आपल्या बाह्यांकडं, हातांकडं बघत राहिले. "मोजता नाही येऊन राह्यले, गजू," ते म्हणाले. बे न म्हणता, पहिल्यांदाच.

माझी बस होती. मी निघाले तेव्हा रस्त्यापर्यंत पंपांची रांग लागली होती. युनूसभाई तसेच ओले, धुऱ्यावर मांडी घालून बसले होते आणि एकेक नोझल खोलत होते. शेजारी गजानन बसला होता, थरथरत्या हातांनी पिशवीतून जाड नोझल काढून देत होता. द्यायच्या आधी प्रत्येक नोझल उजेडाकडं धरून, डोळ्याला लावून, त्यातलं छिद्र दिसतंय का बघत होता.